मेळाव्याला जाशील तेव्हा

बाय, लिहिणाऱ्या आणि व्हिडिओ करणाऱ्या मंडळींचा पणजीत मेळावा आहे, तुला आमंत्रण आलंय आणि जावं की नको यावर तू अडलीस, असं तुझी आई सांगत होती. माझं म्हणशील तर जा. प्रवेश फी, जाण्यायेण्याचा खर्च, एका दिवसाचं बुडलेलं काम, हे सगळं भांडवलात धर.

तू आणि तुझ्या मैत्रिणी गावाकडच्या जेवणावर, देवळांवर, राहण्याच्या जागांवर मराठीतून लिहिता, फोनवर चित्रण करता, त्याला घरात कोणी छंद म्हणतं, कोणी वेळ घालवणं म्हणतं. मी धंदाच म्हणतो. आपल्या शिरगावात एक काळ असा होता की पोरांना काम शोधत फिरावं लागत नसे. खाणीवर ट्रक होते आणि ट्रकाच्या मागे ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजवाला, टायरवाला, चहावाला, सगळ्यांचं चालत होतं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, तोच ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि दारात उभे राहिलेले ट्रक लोकांनी मिळेल त्या भावाला विकले. लिलावानंतर काही खाणींचं काम पुन्हा सुरू झालंय, पण एकाच धंद्याच्या भरवशावर अख्खं गाव बसलं की काय होतं ते डिचोली तालुक्याने पाहिलंय. म्हणून तुमच्या पिढीने काही वेगळं उभं केलं की मला समाधान वाटतं, आणि ते टिकावं असंही फार वाटतं.

माझ्या वडिलांचं डिचोलीच्या बाजारात दुकान होतं. पुढे मी ते सांभाळलं आणि त्याच्या जोडीला एका मराठी दैनिकाला गावच्या बातम्या पाठवल्या. दुकान काय आणि बातमी काय, दोन्हीकडे माणसांवाचून पान हलत नसे. वडिलांकडून, बाजारातल्या जुन्या व्यापाऱ्यांकडून आणि बातमीदारीत जे कानावर आलं आणि खरं ठरलं, तेवढंच तुला सांगतो.

नाव फोनवर होतं, काम भेटीत ठरतं

तुझं लिहिलेलं हजारो लोक वाचत असतील, पण पैसे देणारा त्यांतला एखादाच असतो. मयेच्या तळ्याजवळ कोणी होमस्टे चालवतो, सत्तरीत कोणी काजूचा कारखाना चालवतो, म्हापशात कोणाचं मसाल्याचं दुकान आहे. त्यांना तुझ्या वाचकांचा आकडा कळतो. ही मुलगी वेळेवर येईल का, आपल्या मालाबद्दल खोटंनाटं लिहिणार नाही ना, भांडण झालं तर फोन उचलेल का, हे आकड्यावरून कळत नाही. ते समोर बसल्यावर पाच मिनिटांत कळतं. दुकानात उधारी कोणाला द्यायची हे आम्ही असंच ठरवत होतो.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला, तो जगभर गाजला. नोकरीची खबर कोणाकडून लागली असं त्यांनी माणसांना विचारलं होतं. जिवलग मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या, तोंडओळखीच्या माणसांकडून ती लागल्याची उदाहरणं जास्त निघाली. कारण सरळ आहे. आपल्या घरच्यांना आणि मैत्रिणींना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक आहे. नवी खबर दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडे असते. मेळाव्यात तू जातेस ती त्या दुसऱ्या वर्तुळातल्या माणसांसाठी.

मराठीत ब्लॉग लिहिणारे लोक २०१० मध्ये पुण्यात आणि मुंबईत असेच मेळावे भरवून एकत्र आले होते. वर्षभर एकमेकांचं वाचत होते, प्रतिक्रिया देत होते, तरी भेटावंसं वाटलंच. पडद्यावरच्या नावाला चेहरा आणि आवाज मिळाला की त्या नावावर भरवसा टाकता येतो, म्हणून.

जिथे बोलता येईल त्याच मेळाव्याला जा

सगळ्याच सभा सारख्या नसतात. काही ठिकाणी व्यासपीठावर पाच जण, खाली पाचशे जण, दिवसभर भाषणं आणि शेवटी आभार. अशा ठिकाणी वक्त्याचं भाषण आवडत असेल तर जरूर जा, पण धंद्याची ओळख होईल असं समजून जाऊ नकोस. आमंत्रण आलं की कार्यक्रमपत्रिका नीट वाच. गटचर्चा आहे का? कार्यशाळा आहे का? प्रश्नोत्तरांना किती वेळ ठेवलाय? जेवणाची सुटी तासाभराची आहे की वीस मिनिटांची? मोठी सुटी ठेवणाऱ्या आयोजकाला मेळावा कळतो, असं खुशाल समज.

२००५ मध्ये अमेरिकेत संगणकवाल्या तरुणांनी 'बारकॅम्प' नावाचा प्रकार सुरू केला. तिथे आधी ठरलेली पत्रिकाच नसते. सकाळी सगळे जमतात, कोणाला कशावर बोलायचं ते फळ्यावर लिहितात आणि त्यातून दिवसाचं वेळापत्रक तयार होतं. ऐकायला आलेल्यानेही काहीतरी सांगावं, अशी अपेक्षा असते. पुढच्याच वर्षी ही पद्धत आपल्या देशात पोचली. असा मेळावा कुठे भरला तर चुकवू नकोस.

आपल्या गोव्यातलंच मोठं उदाहरण घे. इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून इथे भरतो. त्याच्या जोडीला २००७ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने फिल्म बाजार सुरू केला. इफ्फीत लोक चित्रपट पाहतात. फिल्म बाजारात ज्याच्याकडे गोष्ट आहे तो दिग्दर्शक आणि ज्याच्याकडे पैसा किंवा वितरण आहे तो माणूस, यांच्या वेळ ठरवून समोरासमोर भेटी होतात. 'द लंचबॉक्स', 'तिथी', 'कोर्ट' या चित्रपटांच्या वाटचालीत हा बाजार होता. चांगली गोष्ट लिहिणारे देशभर पुष्कळ असतील, पण ती ऐकून घेणारा माणूस टेबलाच्या पलीकडे आणून बसवणं हे त्या बाजाराचं काम. दोना पावलाच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये २०१० साली सुरू झालेल्या गोवा कला आणि साहित्य महोत्सवालाही जाऊन पाहा. तिथे सत्रं जितकी महत्त्वाची, तितक्याच सत्रांमधल्या गप्पा.

निघण्याआधी तयारी कर

कोण येणार आहे याची यादी आयोजकांकडे माग. मिळाली तर त्यातली तीन-चार नावं निवड आणि ती माणसं काय करतात ते वाचून जा. "तुम्ही काय करता?" असं विचारण्यापेक्षा "तुमच्या बागेतली हरमलची मिरची तुम्ही वाळवून विकता की दळून?" असं विचारलं की माणूस खुलतो. पेडण्याची तुझी मैत्रीण सोबत असेल तर हा प्रश्न तिलाच विचारू दे. पेडण्यातल्या हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि हा प्रश्न पेडण्याच्या मुलीच्या तोंडून जास्त शोभेल.

स्वतःची ओळख दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे. कुठली, काय करते, कोणासाठी करते. "मी शिरगावची. डिचोली आणि पेडण्यातलं घरगुती जेवण आणि घरगुती मुक्काम यांवर मराठीत लिहिते, पुण्या-मुंबईची कुटुंबं ते वाचून येतात." एवढं पुरे. आरशासमोर नको, आजीसमोर म्हणून बघ. तिला कळलं तर सगळ्यांना कळेल.

कार्ड छापून ने. फोनवरचा क्यूआर आहेच, पण आपल्याकडच्या वयस्क व्यापाऱ्याला कागद हातात लागतो. कार्डाच्या मागची बाजू कोरी ठेव. का ते पुढे सांगतो.

तिथे गेल्यावर

मैत्रिणींबरोबर जा, पण मैत्रिणींबरोबर बसू नका. चार जणी चार टेबलांवर बसा, संध्याकाळी बसमध्ये एकमेकींना सांगा. चौघी एका टेबलावर बसलात तर घरचीच बैठक होईल.

लवकर पोच. सभागृह अर्धं रिकामं असतं तेव्हा आयोजकही मोकळा असतो आणि मोठा पाहुणाही एकटा उभा असतो. कार्यक्रम संपल्यावर त्याच्याभोवती गर्दी होते, सगळ्यांना त्याच्याबरोबर फोटो हवा असतो. त्या गर्दीत उभं राहून काही साधत नाही.

प्रश्न विचारायला हात वर कर. आपल्या गावाकडची पोरं इथे मागे राहतात. वडील म्हणत, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही आणि बोलणाऱ्याची माती विकली जाते. उभी राहा, नाव आणि गाव सांग, एका वाक्यात प्रश्न विचार आणि खाली बस. प्रश्नाच्या नावाखाली भाषण करू नकोस. नेमका प्रश्न विचारणाऱ्या मुलीला जेवणाच्या रांगेत चार जण स्वतःहून येऊन भेटतात.

भाषेचा न्यूनगंड घरी ठेव. मराठीत बोल, कोकणीत बोल, समोरच्याला कळत नसेल तर येईल तशा हिंदी-इंग्रजीत बोल. पोर्तुगीज राजवट असताना १९३० साली मडगावात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, वामन मल्हार जोशी अध्यक्ष होते. पुढे १९६४ मध्ये मडगावातच कुसुमाग्रजांच्या अध्यक्षतेखाली आणि १९९४ मध्ये पणजीत राम शेवाळकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलनं झाली. परकी सत्ता डोक्यावर असतानाही ज्यांनी आपल्या भाषेत चारचौघांत बोलायची हिंमत केली त्यांच्या भूमीतली तू. हॉटेलच्या सभागृहात दबून बसू नकोस.

जत्रेतल्या खाजेकराकडून शिक

धंद्याची ओळख कशी करावी हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. लईराई देवीच्या जत्रेत खाजेकराच्या दुकानाशी उभा राहून मी ते पाहिलं. वैशाख शुद्ध पंचमीच्या सुमारास आपल्या गावात पाय ठेवायला जागा नसते. खाजेकरांची दुकानं ओळीने लागलेली, सगळ्यांकडे तोच माल. तरी एकाच्या पुढे गर्दी आणि दुसरा माशा मारत बसलेला, असं का?

गर्दीवाल्याचे हात पाहा. गिऱ्हाईक थांबलं की तो आधी भाव सांगत नाही. गुळात घोळलेल्या खाज्याचा एक तुकडा हातावर ठेवतो, आल्याचा वास नाकात जातो, आणि मग विचारतो, "खंयचे तुमी?" गिऱ्हाईक म्हणालं, साळचे. की तो साळच्या जत्रेची गोष्ट काढतो, तिथे दुकान कुठे लावलं होतं ते सांगतो. मग तराजू हातात घेतो. पुढच्या वर्षी तेच कुटुंब त्याच्याकडे येतं. त्याच्याकडे लाडू संपले असतील तर शेजारच्याकडे बोट दाखवतो. शेजारच्याला सुटे पैसे लागले तर हा देतो. हे दोघे खाजेकर वर्षभर एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत शेजारी बसायचे असतात आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं.

यातल्या तीन गोष्टी उचल. आधी थोडं दे, मग विचार, मग माग. समोरच्याच्या गावाबद्दल, कामाबद्दल खरी उत्सुकता दाखव. आणि तुझ्यासारखंच काम करणाऱ्या मुलीला वैरीण समजू नकोस. तुला जमत नसलेलं काम तिच्याकडे पाठव. ती तुझ्याकडे पाठवेल. वर्षभर तुम्हाला त्याच त्या मेळाव्यांत शेजारी बसायचंय.

द्यायचं काय, असं विचारशील. पैसे द्यायचे नसतात. कोणाला वारखंडचा चांगला बागायतदार हवा असेल तर त्याचा नंबर, अर्थात त्याला विचारून. कोणाला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीची फळं कुठे मिळतात हे ठाऊक नसेल तर ती माहिती. दोन माणसांची एकमेकांशी गाठ घालून दिलीस की ती दोघंही तुला विसरत नाहीत. हे मी उभ्या आयुष्यात पाहिलंय.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस

ओळख झाली, बोलणं जमलं, आता कामाचं बोल. आपल्याकडे चांगल्या घरच्या मुलींना पैशाची भाषा करायला संकोच वाटतो. तो सोड. "तुमच्या होमस्टेवर मला लिहायला आवडेल. माझा दर अमुक आहे. राहणं-जेवण त्यात धरलेलं नाही," हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. समोरचा "बघू" म्हणाला तर आग्रह धरू नकोस. कधी विचारू, एवढं मात्र विचारून घे. ज्याला दर परवडत नाही त्याच्यासाठी काम लहान कर, दर पाडू नकोस. एकदा दर पाडलास की चार दिवसांत सगळ्या तालुक्याला कळतं.

फुकट राहायला आणि जेवायला मिळतंय म्हणून कौतुक लिहिणं, हे तर कधीच नको. आमच्या बातमीदारीत जुने संपादक सांगत, ज्याच्या घरी जेवलास त्याच्या विरोधातली बातमी लिहिता येईल का याचा विचार जेवणाआधी कर.

कागद आणि कायदा सांभाळ

तोंडी ठरलेलं त्याच दिवशी लिहून पाठव. काय करायचं, किती दिवसांत, किती पैसे, केव्हा मिळणार. मोठा करारनामा नको, फोनवरचा चार ओळींचा निरोप आणि समोरच्याचं "होय" एवढं पुरतं. व्यवहार स्वच्छ असला की नातं टिकतं.

पैसे किंवा वस्तू घेऊन लिहिलं असेल तर वाचकाला ते स्पष्ट सांग. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये याचे नियम घातले आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही सूचना काढल्या. 'जाहिरात' किंवा तशा अर्थाचा शब्द ठळक दिसला पाहिजे, खाली कुठेतरी दडवलेला चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीची भलामण करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. दंडाची भीती सोड, पण शिरगावच्या मुलीने लिहिलंय म्हणून विश्वासाने आलेल्या कुटुंबाची फसगत व्हायला नको.

कोणी भेट म्हणून फोन, कॅमेरा किंवा महागडा मुक्काम दिला तर त्याचीही नोंद ठेव. १ जुलै २०२२ पासून अशा धंद्यातल्या लाभाची किंमत वर्षाला २० हजारांवर गेली की देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर कापायचा असतो. वस्तू वापरून परत केली तर ती लाभात धरत नाहीत. एका चांगल्या हिशेबनिसाची ओळख करून ठेव. तोही तुला मेळाव्यातच भेटेल.

आणि एखाद्या मुक्कामाची शिफारस करण्याआधी त्याची पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का ते विचार. गोव्यात १९८२ पासून पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा आहे. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाल्यापासून पेडण्याकडे येणारी माणसं वाढली आहेत, खोल्याही वाढल्या आहेत. नोंदणी नसलेल्या जागी काही बरंवाईट झालं तर लोक मालकाच्या आधी तुझं नाव घेतील.

गाव विकायला काढू नकोस

हे मी सगळ्यांत जीव तोडून सांगतो. बाहेरच्या लोकांशी संबंध जोडताना तू ज्यावर उभी आहेस ते गावाशी असलेलं नातं आहे. ते तुटलं तर पणजीतल्या शंभर ओळखींचा उपयोग नाही.

लईराईचा भक्त धोंड व्रत धरतो, सोवळ्यात राहतो, वेताची काठी घेऊन होमखंडाकडे जातो, ती त्याची श्रद्धा आहे. त्याच्या तोंडावर दिवा मारून चित्रण करायचं नाही. कोणी कंपनी म्हणाली, निखाऱ्यांवरून चालतानाचं दृश्य आमच्या मालाच्या जाहिरातीला दे, तर तिथल्या तिथे नाही म्हण. २०२५ च्या जत्रेत ३ मेच्या पहाटे चेंगराचेंगरीत माणसं गेली. कोणाच्या घरात अजून तो दिवस संपलेला नाही. त्या दृश्यांवर कोणी पाहणारे मिळवले असतील, तू मिळवू नकोस.

कोणाच्या स्वयंपाकघरात शिरलीस, कोणाच्या कुळागरात फिरलीस, तर आधी परवानगी आणि नंतर केलेलं काम त्यांना दाखवणं, हे दोन्ही कर. ज्या काकूने तुला खतखतं कसं करतात ते दाखवलं तिचं नाव घालायचं की नाही हे तिला विचार. त्या कामाचे पैसे मिळाले तर तिचा वाटा तिला नेऊन दे. मेळाव्यात समोरचा अनुभवी माणूस तुझ्याबद्दल गावात चौकशी करणारच. तेव्हा गावाने काय सांगावं, हे तू आजच ठरवतेस.

आठ दिवसांचा नियम

आता कार्डाच्या कोऱ्या बाजूचं सांगतो. तुझ्या कार्डामागे समोरच्याला लिहिता यावं म्हणून ती कोरी ठेवायची, आणि तूही तसंच कर. कोणी कार्ड दिलं की घरी येताना बसमध्येच त्यामागे लिही: कुठे भेटलो, काय बोललो, मी काय देईन म्हणाले. वडील दुकानातल्या वहीत गिऱ्हाईकाच्या नावापुढे असंच लिहीत, मुलीचं लग्न कधी, घर शाकारायला कधी घेणार. त्या वहीवर आमचं दुकान चाललं.

आठ दिवसांच्या आत दिलेला शब्द पुरा कर. नंबर पाठवीन म्हणालीस, पाठव. लेख वाचून सांगीन म्हणालीस, वाच आणि सांग. आठ दिवस गेले की समोरच्याला चेहरा आठवतो, नाव आठवत नाही, आणि महिन्याने दोन्ही पुसट होतात. शंभर कार्डं गोळा करून एकालाही फोन न करणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पाच माणसं निवड आणि त्या पाचांशी नीट वाग.

मग वर्षभर संबंध राख. आपली लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी मानल्या जातात. फुलं आणि तेल एकमेकींकडे जातात, आणि पिढ्यान् पिढ्या हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरं हे नातं पाळत आली. नात्यात देवघेव चालू राहावी लागते, ही शिकवण आपल्या देवीच्या दारातच आहे. तूही चतुर्थीला, नाताळाला, कोणाच्या नव्या दुकानाच्या पूजेला आठवणीने निरोप पाठव. त्यात काम मागू नकोस. काम त्यांना आठवेल.

आणि आपल्या तालुक्यात मेळावा भरव

दरवेळी पणजीलाच का जायचं? दोन-तीन मेळावे पाहून झाले की आपल्याकडे एक भरव.

११ मे १८७८ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ग्रंथकारांना एकत्र बोलावलं. आज ज्याला आपण साहित्य संमेलन म्हणतो त्याची सुरुवात तिथे झाली, आणि त्या वेळी चिंता अगदी व्यवहाराची होती: मराठी पुस्तकं निघावीत कशी आणि त्यांना वाचक मिळावेत कसे. थोडे लोक आणि नेमका प्रश्न, एवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं. १८८५ साली दुसऱ्या सभेचं आमंत्रण महात्मा फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी यायला नकार दिला. शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचं दुःख ज्यांच्या लिहिण्यात नाही त्यांच्या सभेत आपलं काम काय, असा त्यांचा रोख होता. तुमच्या मेळाव्याची यादी करताना हा नकार डोळ्यांसमोर ठेवा. लिहिणारी पोरं तर बोलवाच, पण ज्यांच्यावर लिहिता त्यांना आधी बोलवा. बचतगटातल्या बाया, कुळागरवाले, मोगरीचे कळे विकणाऱ्या मावश्या, खाजेकर, डिचोलीचे कुंभार, होमस्टेवाले.

पंचवीस-तीस माणसं पुरेत. एखाद्या शाळेचा वर्ग किंवा देवळाचा मंडप मागून घ्या. खुर्च्या गोलात मांडा, व्यासपीठ नको, हारतुरे नकोत. प्रत्येकाने पाच मिनिटांत दोन गोष्टी सांगायच्या: मी काय देऊ शकतो आणि मला काय हवंय. एक मुलगी ते सगळं फळ्यावर लिहीत जाईल. मग तासभर मोकळा वेळ, चहा आणि खाणं. ज्याचं देणं ज्याच्या गरजेशी जुळतं ते दोघे आपोआप एका कोपऱ्यात जातात. शेवटी फळ्याचा फोटो सगळ्यांना पाठवा. खर्च वर्गणीतून काढा, पुरस्कर्ता शोधायला जाऊ नका. पहिल्याच वर्षी एकाचे पैसे घेतलेत तर तो मेळावा त्याचा होतो.

दिवस निवडताना जत्रा, चतुर्थी आणि भातकापणी टाळा. डिचोलीच्या बाजाराचा बुधवार आणि म्हापशाचा शुक्रवारही सोडा, नाहीतर ज्यांना आणायचं तीच माणसं येणार नाहीत. डिसेंबरातला एखादा रविवार बरा.

पणजीहून परत आलीस की कार्डं घेऊन माझ्याकडे ये. कोणाला आधी फोन करायचा ते आपण बसून ठरवू. आणि डिसेंबरच्या मेळाव्याची यादी त्याच बैठकीत सुरू करू. मोगरीवाल्यांची नावं माझ्याकडे आहेत, बचतगटांची तुझ्या आईकडे. मंडपासाठी देवस्थानच्या मंडळींना मी सांगतो.